अननसात एक तास

११ मार्च, मंगळवार

रक्तदाब सकाळी १५८ वर ९६, संध्याकाळी १५२ वर ९४.

जहाजाच्या इंजिनखान्यात अठ्ठावीस वर्षं मी दाबाचे आकडे टिपले. निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा. पण जानेवारीत सालुदला हलका झटका आला, तिच्या डाव्या हातातली ताकद गेली आणि वही पुन्हा माझ्या हातात आली. बायकोचं नाव सालुद, म्हणजे आरोग्य. तिच्या आईबापांनी हौसेनं ठेवलं, सांभाळायची पाळी माझ्यावर आली.

आज डॉक्टरीणबाईंना दाखवून आलो. मीठ कमी, चरबी बंद, फळं भरपूर, रोज थोडं चालणं. निघताना त्या असंही म्हणाल्या की यांना माणसांत मिसळू द्या. मिसळायला मी आहेच की घरात, दिवसभर.

परत येताना सालुदनं विषय काढला. तिची थोरली बहीण चोलेंग समोरच्या गिमारास बेटावर राहते. सत्तावीस एप्रिलला तिला पंचाहत्तर पुरी होतात. सालुदला जायचंय. आमच्या अंगणातून बेट दिसतं, हवा स्वच्छ असली की झाडं मोजता येतात. धक्क्यावरून मोटरहोडीनं पंधरा मिनिटं. पण पाणी ते पाणी, आणि तिचा हा हात असा. मी म्हणालो, वरचा आकडा एकशे चाळीसच्या खाली येऊ दे, मी स्वतः घेऊन जातो.

"लिही वहीत," ती म्हणाली.

लिहिलं.

१२ मार्च, बुधवार

१५४ वर ९४. संध्याकाळी तेच.

फाटकाच्या कुलपाबद्दल इथे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी भलतंसलतं बोलायला नको. फेब्रुवारीत एका दुपारी माझा डोळा लागलेला असताना सालुद पिशवी घेऊन निघून गेली. सापडली धक्क्यावर. हातात होडीचं तिकीट, पायात चर्चला जायच्या चपला. कुठे निघालीस विचारलं तर म्हणाली, चोलेंगकडे. न सांगता? तर म्हणाली, सांगितलं असतं तर सोडलं असतंस? झटक्यानंतर माणसाचं डोकं कधी कधी भरकटतं, त्यातलाच हा प्रकार. हाताला धरून परत आणली.

तेव्हापासून फाटकाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या गळ्यात, देवमातेच्या पदकाच्याच दोरीत. चालण्याचं म्हणाल तर अंगणात रोज सहा फेऱ्या. एका फेरीची पावलं चव्वेचाळीस. ती चालते, मी मोजतो.

१६ मार्च, रविवार

१५६ वर ९६.

स्वयंपाक मी हातात घेतल्याला दीड महिना झाला. उकडलेला मासा, उकडलेला भोपळा, उकडलेली पालेभाजी, सगळं बिनमिठाचं. ती दोन घास खाते आणि ताट सरकवते. आज ताटाकडे बघून म्हणाली, "पोल्दो, हे मी खाल्लं तर मी आजारी आहे हे नक्की होईल."

तिला हवं असतं ते मला ठाऊक आहे. निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस, पोटाकडचं, कडेला चरबी चुरचुरणारं, वर मिरच्या मुरवलेला व्हिनेगर. सुटीवर घरी यायचो तेव्हा पहिल्या संध्याकाळी तेच असायचं. तिनं भाजायचं आणि मी खायचं.

विचार केला, तेच करू, पण शहाणपणानं. पोटाऐवजी खांद्याचं बिनचरबीचं मांस. मिठाऐवजी फळाचा आंबटगोडपणा. अननस, कालामान्सीची छोटी लिंबं, वर आंबा. इंजिनाचे शंभर सुटे भाग खोलून पुन्हा जोडणाऱ्याला चार काप भाजणं काय जड आहे?

१८ मार्च, मंगळवार

१५५ वर ९५.

जड आहे. लिंबात बुडवून लगेच जाळीवर टाकलं, आणि निघाला चामड्याचा पट्टा. सालुद बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, हे मांस कुठल्या जहाजावरचं? मला हसू आलं नाही.

मासेवाली लुमिंग फाटकाशी आली होती. ती बेटावरचीच, चोलेंगच्या वाडीतली. सकाळी होडीनं मासे घेऊन येते, आमची सगळी गल्ली पालथी घालते आणि संध्याकाळी रिकामं घमेलं डोक्यावर घेऊन परत जाते. गजांमधून डोकावून म्हणाली, मानोंग पोल्दो, धुराचा वास धक्क्यापर्यंत येतोय, कुणाच्या घराला आग लागली म्हणून बघायला आले. आम्हाला ती मानोंग आणि मानांग म्हणते, थोरला दादा, थोरली ताई. तोंडानं मात्र कुणालाच मोठं मानत नाही.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. आमचं जेवणाचं टेबल मी बदामाच्या झाडाखाली, फाटकाजवळ मांडतो. साडेपाचला ताटं घेतली की रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सालुद हाक मारते, "काओन ता." चला, जेवू या. जाणारा म्हणतो, पोट भरलंय, आणि चालू लागतो. अशी आपली रीत. न बोलावणं वाईट दिसतं, आणि येऊन बसणं त्याहून वाईट. झटक्यानं तिचा हात गेला, पण रीतभात जिथल्या तिथे आहे, हे पाहून बरं वाटलं.

२५ मार्च, मंगळवार

१४९ वर ९२. उतरतोय.

दुसरा प्रयत्न फसला, आणि तोही अतिशहाणपणानं. पट्टा झाला होता म्हणून या वेळी मऊ करायचं ठरवलं. अननस किसला, मांस त्यात कालवलं, वर झाकण, झाकणावर दगड, आणि रात्रभर ठेवून दिलं. म्हटलं, जितकं जास्त तितकं चांगलं. सकाळी झाकण काढलं तर मांसाची लापशी. बोट लावलं की धागे सुटत होते. जाळीवर ठेवलं ते अर्धं निखाऱ्यांत पडलं.

सालुद बाजूला बसून बघत होती. तिला सगळं आधीपासून माहीत होतं, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. मी विचारलं, बोलली का नाहीस? ती म्हणाली, तू विचारलं का नाहीस? मग म्हणाली, "अननसात एक तास. फार तर सव्वा. मऊ करायचं म्हणून कोंडून ठेवलं की त्याचं काही उरत नाही."

लिहून घेतलं. अननसात एक तास. इतकी वर्षं मांस भाजतेय, तिचा सल्ला घ्यायला हवा होता, हे मान्य.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी १३८ वर ८६.

यंत्रावरचा आकडा तिनंच आधी वाचला. मोठ्यानं वाचला. मग उजव्या हातानं पट्टा सोडवला आणि कपाटातून पिशवी काढायला गेली.

मी म्हणालो, थांब, एकदाच्या आकड्यावर काय ठरतं? यंत्रही चुकतं. आणि खरं म्हणजे डॉक्टरलोक हल्ली एकशे तीसच्या खाली मागतात, तेव्हा एकशे तीस धरू. पंचवीस दिवस आहेत अजून. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर भांडेल. पिशवी तिनं परत ठेवली, पण कपाटात नाही, पाण्याच्या रांजणामागे. वस्तू भलत्या जागी ठेवणं हेही एक लक्षण आहे, कुठेतरी वाचलं होतं.

खरं लिहायचं तर तो १३८ पाहून मला आनंद झाला नाही. का, ते कळत नाही.

संध्याकाळी मांस बरं जमलं होतं, तासभरच ठेवलं होतं अननसात. ती जेवली नाही. फाटकाकडे तोंड करून बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला काओन ता म्हणत राहिली. चौदा वेळा. चौदाही जणांचं पोट भरलेलं होतं.

९ एप्रिल, बुधवार

१४६ वर ९०. पुन्हा चढला. बघा, माझं बरोबर होतं.

आज चार वाजता, टेबलावर ताट नाही, वाटी नाही, चूल पेटलेली नाही, आणि सालुद फाटकाचे गज धरून एका तीनचाकीवाल्याला म्हणते, "काओन ता." अनोळखी माणूस. त्यानं गाडीचा वेग कमी केला, रिकाम्या टेबलाकडे बघितलं, पोट भरलंय म्हणाला आणि गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत आणून तिला समजावलं की जेवण समोर नसताना असं म्हणू नये, लोक काय म्हणतील?

"मग टेबल चार वाजता मांडत जा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना सांगायची एक यादी मी वहीच्या मागच्या पानावर सुरू केलीय. रांजणामागची पिशवी. रिकाम्या टेबलावरून बोलावणं. माणूस कसा हळूहळू हातातून निसटतो, ते मी रोज बघतोय, आणि करता काही येत नाही. कुलूप मी तिच्यासाठी लावलं, पण अडकलोय मीही. एकाच दाव्याला दोन बैल बांधावेत तसे आम्ही दोघं या अंगणात. महिना झाला, मी बाजारापलीकडे गेलेलो नाही. जहाजावर निदान बंदरं यायची.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

रक्तदाब घेतला नाही. घेऊ दिला नाही.

आजचं लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. आज उपास. मांसाचा प्रश्नच नाही, चूलही पेटवली नव्हती. दुपारी चारच्या सुमारास प्रभूची मूर्ती ठेवलेल्या शवपेटीची मिरवणूक आमच्या गल्लीतून निघाली. बायका काळ्या ओढण्या घेऊन, हातात मेणबत्त्या, तोंडात जप, बाकी कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. आम्ही फाटकाच्या आत उभे होतो. मी कुलूप काढणार होतो, दोन पावलं मिरवणुकीबरोबर चालणारही होतो, पण गर्दी पाहून राहू दिलं.

शवपेटी बरोबर समोर आली आणि सालुद म्हणाली, "काओन ता."

मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. उपासाच्या दिवशी, मेलेल्या प्रभूच्या समोर, जेवायला चला म्हणून. पोट भरलंय असं तरी कोण म्हणणार? एका म्हातारीनं छातीवर क्रुसाची खूण केली. कुणीतरी फिसकन हसलं. सालुद पुन्हा तेच म्हणाली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. हो, ठेवला. त्याच हातानं हे लिहितोय.

मिरवणुकीत लुमिंग होती. बाकीचे पुढे गेले, ती तेवढी थांबली. मेणबत्तीच्या ज्योतीभोवती ओंजळ धरून सालुदकडे बघत राहिली, मग माझ्या हाताकडे, मग कुलपाकडे. मागच्यांचा धक्का लागला तेव्हा पुढे सरकली.

डॉक्टरीणबाईंच्या यादीत हे सगळ्यात वर लिहिलं.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी १४४ वर ९०.

क्रमानं लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

आज मांस जमलं. कृती नोंदवून ठेवतो. खांद्याचे बोटभर जाडीचे काप. चेचलेला लसूण, आलं, मिरी, दहा कालामान्सींचा रस, चमचाभरच सोया, रंगापुरतं शेंद्रीच्या बियांचं तेल. अननसाचा कीस सगळ्यात शेवटी, आणि घड्याळ समोर ठेवून एक तास. करवंटीचे निखारे पांढरे झाल्यावर जाळी. गवती चहाच्या ठेचलेल्या काडीनं वरून तेल लावत राहायचं. उतरवायच्या आधी पिकल्या आंब्याच्या फोडी सालीसकट मिनिटभर. वरून मीठ कणभर नाही. तुकडा तोंडात टाकला आणि मला माझाच अभिमान वाटला.

ताटं मांडली. सालुद फाटकाकडे तोंड करून बसली. पावणेसहाला लुमिंग रिकामं घमेलं घेऊन आली. सालुद म्हणाली, काओन ता.

लुमिंगनं डोक्यावरचं घमेलं उतरवून भिंतीशी टेकवलं. गळ्यातल्या टॉवेलानं तोंड पुसलं.

"हो, मानांग, आले," ती म्हणाली. "फाटक उघडा, मानोंग."

माझ्या उभ्या जन्मात मी काओन ताला हो म्हणणारा माणूस पाहिला नव्हता. मला वाटलं थट्टा करतेय. मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, मला भूक लागलीय, आणि मला बोलावलंय. आता यावर काय बोलणार? पाहुणा दारात उभा आणि यजमानाचा हात गळ्यातल्या किल्लीवर. रीत म्हणते उघड. उघडलं. दोन महिन्यांत ते कुलूप बाजारहाट आणि दवाखाना सोडून दुसऱ्या कशासाठी उघडलं असेल तर त्याचसाठी.

तिघं जेवलो. सालुद जेवली. दोन वाढी भात, पाच काप, आंब्याच्या साली चोखून स्वच्छ. लुमिंगनं माझ्या मांसाचं कौतुक केलं, म्हणजे तिच्या पद्धतीनं. म्हणाली, मीठ नसूनही चव आहे, म्हणजे मानोंग तुम्ही सुधारताय. मग सालुदकडे बघत मला म्हणाली, "तुम्ही जहाजावर होता तेव्हा मानांग याच टेबलाशी बसायची, मानोंग. माझी आई तेव्हा मासे विकायची. आईला ही रोज म्हणायची, काओन ता. आई रोज म्हणायची, पोट भरलंय. अठ्ठावीस वर्षं. शुक्रवारी घरी जाऊन आईला मिरवणुकीतलं सांगितलं, तर ती रडायलाच लागली."

मी म्हणालो, आईला बरं नाही का? लुमिंगनं आंब्याची एक फोड सालुदच्या ताटात ठेवली.

ताटात शेवटचा एक काप उरला होता. शेवटचा तुकडा आपल्यात कुणी उचलत नाही, सगळे लाजून एकमेकांना आग्रह करतात आणि तो तिथेच गार होतो. सालुदनं हात पुढे केला आणि उचलला. शांतपणे खाल्ला. मग उठली, रांजणामागची पिशवी काढली. चर्चच्या चपला तिच्या पायात होत्याच. जेवताना मी खाली बघितलंच नव्हतं.

"मी चोलेंगकडे जाते," ती म्हणाली. "लुमिंग आहे सोबत."

मी म्हणालो, सकाळचा आकडा १४४ आहे.

"लिही वहीत."

फाटक उघडंच होतं. मी मध्ये उभा राहिलो असतो तर वाट अडली असती, इतकी ती अरुंद आहे. मी उभा राहिलो नाही. का राहिलो नाही, ते मला अजून समजलेलं नाही. पाहुण्याच्या देखत बायकोला अडवायची कशी, हे एक. दुसरं म्हणजे तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिचं डोकं मुळीच भरकटलेलं नव्हतं. लुमिंगनं घमेलं डोक्यावर घेतलं, सालुदनं तिचा दंड धरला आणि दोघी कोपऱ्यावरून वळल्या. पावलं मोजायची राहिली.

२३ एप्रिल, बुधवार

आकडा नाही.

पट्टा स्वतःच्या दंडाला बांधून पाहिला. १६८ वर १००. यंत्र बिघडलंय. पुन्हा घेतला. १७०.

चोलेंगचा फोन आला होता. पोचली, बरी आहे, झोपलीय. मी म्हणालो, बोलवा तिला. चोलेंग म्हणाली, झोपलीय म्हणाले ना.

२७ एप्रिल, रविवार

आज चोलेंगची पंचाहत्तरी. मला कुणी बोलावलं नाही, आणि न बोलावता जाण्यातला मी नव्हे. दुपारभर अंगणात बसून बेटाकडे बघितलं. हवा स्वच्छ होती.

संध्याकाळी मांस केलं, दोघांच्या मापानंच केलं, सवयीनं. चार दिवस चुलीपाशी उभ्यानं पाव खाऊन काढले होते, आज टेबल मांडलं. आणि मग घास तोंडात जाईना. हे आजवर कधी लिहिलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. मी आयुष्यात एकटा जेवायला बसलेलो नाही. जहाजावर लांबच्या लांब टेबल असायचं आणि चाळीस माणसं, कुणी गाणारं, कुणी शिव्या देणारं. घरी आलो की सालुद समोर. रिकाम्या खुर्चीसमोर बसून भात गिळायचा कसा, हे मला येतच नाही. मला भीती वाटते. समुद्राची नाही, तिच्या हाताची नाही, त्या खुर्चीची वाटते. होडी, लाटा, रक्तदाब, मी काय काय कारणं सांगितली.

फाटक सताड उघडं ठेवलं आणि जाणाऱ्यांना म्हणालो, काओन ता. अकरा माणसं गेली. बाजूचे शिक्षक, पाववाला, चर्चमधल्या दोन बाया, बाकी ओळखीचे बिनओळखीचे. सगळे हसून बोलले, सगळ्यांचं पोट भरलेलं होतं. त्यांचा काय दोष? मीही असंच म्हणालो असतो.

अकरा माणसांत मी रडकुंडीला आलो. तिनं अठ्ठावीस वर्षं किती जणांना हाक मारली असेल, याचा हिशेब सुरू केला आणि सोडून दिला.

३ मे, शनिवार

मागच्या पानावरची, डॉक्टरीणबाईंना सांगायची यादी फाडून चुलीत घातली.

दुपारी लुमिंग आली. घमेल्यात माशांवर केळीचं पान आणि पानावर सहा आंबे, चोलेंगच्या झाडाचे. फाटक उघडं असूनही बाहेरच उभी राहिली. सालुदचं विचारलं. रोज सकाळी समुद्रावर चालते म्हणाली, चोलेंगशी भांडते, सगळ्या वाडीला मांस कसं भाजायचं ते शिकवते. आकडा किती, विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

जाताना वळून म्हणाली, "आणि मानोंग, मानांगनं तुम्हाला निरोप दिलाय. काओन ता."

मी म्हणालो, "आभार सांग तिला. पोट भरलंय म्हणावं."

लुमिंगनं घमेल्यावरचं केळीचं पान सारखं केलं. म्हणाली, बरं. घमेलं उचललं आणि गेली.

आंबे आत नेऊन ठेवले, हात धुतले, आणि पाण्याची धार तशीच चालू ठेवून उभा राहिलो. काय म्हणालो मी? पळत बाहेर गेलो, कोपऱ्यापर्यंत, पुढच्या कोपऱ्यापर्यंत. अनवाणी. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, लुमिंग लुमिंग म्हणून ओरडत. रस्ता रिकामा होता. दारातल्या एका बाईनं विचारलं, काय हरवलं, मानोंग?

तिनं मला बोलावलं होतं. एवढं सगळं होऊन बोलावलं. आणि मी इतरांसारखंच उत्तर दिलं, तोंडपाठ, विचारही न करता. आता तो निरोप संध्याकाळच्या होडीनं बेटावर पोचला असेल. सालुदनं तो ऐकला असेल आणि तिला त्यात काही नवल वाटलं नसेल, हेच मला सगळ्यात जास्त लागतंय.

४ मे, रविवार

पहाटेच उठलो. लसूण चेचला, आलं, मिरी, दहा कालामान्सी. काप डब्यात भरून ठेवलेत. अननस किसून तयार आहे, तो कालवून झाकण लावलं की निघायचं.

मोजून पाहिलं. इथून धक्का पंचवीस मिनिटं, होडी पंधरा, पलीकडे चोलेंगचं अंगण वीस. बरोबर एक तास. मांस भाजायला तिच्याच हाती द्यावं लागेल, मी जाळी धरीन. रक्तदाबाचं यंत्र घेतलं नाही. आधी घेतलं होतं, मग पिशवीतून काढून ठेवलं.

फाटकाला कुलूप लावणार आहे, कारण आज घरात कुणी नाही. कुलूप असंच लावायचं असतं. किल्ली गळ्यातून काढलीय. ती सालुदला देईन, परत यायचं की नाही आणि कधी, ते तिनं ठरवावं. नाही म्हणाली तर काय करायचं, ते मला माहीत नाही.

एवढंच लिहून उठतो. होडीत एक गोष्ट घोकत जाणार आहे, म्हणजे तोंडातून भलतं निघायला नको. तिच्या अंगणात पाऊल टाकल्यावर ती म्हणेल किंवा म्हणणार नाही. म्हणाली, तर म्हणायचं: हो. भूक लागलीय.